बाबांना प्रोस्टेट कॅन्सर, ऑपरेशन करावं की रेडिएशन? बडोद्यातल्या लोकांनी सांगावं

मंदार_दांडियाबाजार
नमस्कार मंडळी. बाबांचं वय ६७. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ११.४ आला म्हणून एमआरआय, मग बायोप्सी झाली. रिपोर्टमध्ये ग्लीसन ४+३=७, ग्रेड ग्रुप ३ लिहिलंय, म्हणजे कॅन्सर किती जोरकस आहे त्याचे आकडे. पीएसएमए पेट स्कॅन केला त्यात हाडांत, गाठींमध्ये कुठे काही नाही, प्रोस्टेटच्या बाहेर गेलेलं दिसत नाही असं म्हणाले. ग्रंथी वाढलेली आहे, ५८ सीसी, रात्री तीन-चारदा उठतात आणि धार बारीक झालीये. शुगर आहे पण गोळीवर आटोक्यात, आणि तीन वर्षांपूर्वी एक स्टेंट टाकलाय, रक्त पातळ ठेवायची इकोस्प्रिन चालू आहे.

युरोलॉजिस्ट म्हणतात रोबोटिकने काढून टाकू, काढलं की प्रश्न मिटला, आणि पुढेमागे काही उरलंच तर रेडिएशन हातात आहे, पण आधी रेडिएशन घेतलं तर नंतर ऑपरेशन फार अवघड होतं. ऐकायला पटतं. पण सुरतचे मामा म्हणतात हार्ट पेशंटला कशाला टेबलावर घेता, शेक घ्या आणि मोकळे व्हा. आत्या म्हणते काही करू नका, सरळ टाटाला न्या. आई सगळ्यांचं ऐकते आणि रात्री रडते. बाबा म्हणतात तुम्ही ठरवा. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि कीर्तन करतात, चातुर्मासात तारखा लागलेल्या असतात, त्याबद्दलसुद्धा एक अक्षर बोलत नाहीत.

ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी कृपया खरं खरं लिहा, मग चांगलं असो की वाईट.

सुहासकाका_मांजलपूर
मंदार, मी ऑपरेशनवाला. ६१ व्या वर्षी केलं, ग्लीसन ३+४ होतं, तुमच्या बाबांपेक्षा एक पायरी सौम्य. आधी एक सांगतो, घाबरून उद्याच्या उद्या काही ठरवू नका. हा बहुतेक वेळा हळू चालणारा आजार आहे, दोन-तीन डॉक्टरांना दाखवण्यात काही आठवडे गेले तर बिघडत नाही. शिवाय बायोप्सीनंतर ऑपरेशन करायचं तर तसंही सहा-आठ आठवडे थांबायला सांगतात, आतली सूज उतरावी लागते.

आता माझं. तीन दिवसांत घरी आलो, पोटावर पाच-सहा छोटी भोकं, दुखणं म्हणाल तर काहीच नाही. कठीण होतं ते पुढचं. लघवीची नळी दहा दिवस होती, दिवसा मांडीला बांधायची छोटी पिशवी आणि रात्री खाटेला लटकवायची मोठी. नळी काढली त्या दिवशी खुर्चीतून उठलो आणि पायजमा भिजला. खोकलो की गळायचं, शिंकलो की गळायचं, नातवाला उचललं की गळायचं. केगलचे व्यायाम, म्हणजे लघवी रोखणारे स्नायू आवळायचे, फिजिओने ऑपरेशनच्या आधीपासून शिकवले होते, ते मी नेमाने केले. हळूहळू सकाळ कोरडी जायला लागली, मग दुपार, आणि संध्याकाळी थकल्यावर जे थेंब पडायचे ते सगळ्यात शेवटी गेले. पाच-सहा महिने पॅड होता. आज कोरडा आहे, फक्त जोरात हसलो तर कधीतरी एखादा थेंब.

पण एक समाधान मोठं आहे. काढलेली ग्रंथी पॅथॉलॉजीत पूर्ण तपासली, कडा स्वच्छ होत्या म्हणजे कडेपर्यंत कॅन्सर नव्हता, आणि सहा आठवड्यांनी पीएसए ०.०१ च्या खाली आला. तो आकडा बघितला आणि त्या रात्री मी झोपलो. रेडिएशनमध्ये असा आकडा लगेच मिळत नाही. तुमच्या बाबांची धार बारीक आहे म्हणता, ऑपरेशनमध्ये तो अडथळापण जातो हे विसरू नका.

जयश्री_वाघोडियारोड
माझ्या काकांना एका वैद्यांनी गोमूत्र अर्क आणि काढा दिला, पीएसए १४ वरून ९ झाला, कापाकापी न करता. मंदार तुम्हाला नंबर पाठवू का?

रेवती_आरटी
जयश्रीताई, राग मानू नका पण हे इथे ठाम लिहायलाच हवं. पीएसए लघवीच्या इन्फेक्शनने, सूज आल्याने, अगदी बायोप्सीच्या हाताळणीनेही वाढतो आणि ते बसलं की आपोआप खाली येतो. १४ चा ९ झाला म्हणजे कॅन्सर कमी झाला असं होत नाही. ४+३ हा वाट बघत बसायचा प्रकार नाही. काकांची परत तपासणी करून घ्या, मनापासून सांगतेय.

मंदार, मी बरीच वर्षं रेडिएशनच्या मशीनवर टेक्नॉलॉजिस्ट होते, हजारो लोकांना त्या टेबलावर झोपवलंय म्हणून थोडं लिहिते. 'शेक' म्हणतात त्यामुळे लोकांना वाटतं भाजतं, तसं काही नसतं, काहीच जाणवत नाही. आधी प्लॅनिंगचा सीटी होतो, त्वचेवर बारीक ठिपक्यांच्या खुणा करतात, मग रोज त्याच स्थितीत झोपायचं. आत पंधरा-वीस मिनिटं जातात त्यातली किरणांची मिनिटं थोडीच, बाकी जागा जुळवण्यात. पूर्वी सात-साडेसात आठवडे रोज यावं लागायचं. २०१६ मध्ये इंग्लंडच्या चिप ट्रायलचे निकाल आले, त्यात ६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) २० वेळांत देऊनही निकाल जुन्या पद्धतीइतकेच आले, तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी चार आठवड्यांत संपतं.

हल्ली पाच वेळांतही देतात, एसबीआरटी म्हणतात त्याला, पण ज्या पेस-बी ट्रायलवर ते उभं आहे त्यात ३+४ पर्यंतचेच लोक घेतले होते. तुमच्या बाबांचं ४+३ आहे. म्हणून कोणी 'पाच दिवसांत मोकळे' म्हणालं तर हा प्रश्न जरूर विचारा. आणि हो, ४+३ ला फक्त रेडिएशन नसतं, सोबत चार ते सहा महिने हॉर्मोनचं इंजेक्शन असतं. ते तुम्हाला कोणी सांगितलं का?

मंदार_दांडियाबाजार
नाही हो ताई. हॉर्मोनचं कोणीच बोललं नाही. खरं म्हणजे अजून रेडिएशनच्या डॉक्टरांना भेटलोच नाही आहोत, युरोलॉजिस्टनी जे सांगितलं तेवढंच.

रेवती_आरटी
मग आधी तेच करा. सर्जन ऑपरेशन सुचवतो आणि रेडिएशनवाला रेडिएशन, यात कोणी खोटं बोलत नाही, ज्याचा हात ज्यात बसलाय तेच त्याला जवळचं वाटतं. म्हणून दोघांना स्वतंत्र भेटायचं, आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारायचा: माझ्या वडिलांसाठी तुमच्या इलाजातली सगळ्यात वाईट गोष्ट कोणती?

वसंत_लोकमान्यनगर_इंदूर
मी इंदूरहून. माझं ३+३=६ आहे, पीएसए ५ च्या आसपास. मला तर डॉक्टरांनी ना ऑपरेशन सांगितलं ना सिकाई, फक्त लक्ष ठेवायचं म्हणाले, सहा महिन्यांनी पीएसए, मधेमधे एमआरआय आणि परत बायोप्सी. घरच्यांना वाटतं डॉक्टर टाळतोय. बाबांना असं नाही का चालणार?

डॉ_निवृत्त_फतेहगंज
वसंतराव, तुमच्या डॉक्टरांनी योग्य सांगितलंय, ग्रेड ग्रुप १ ला आज जगभर हाच सल्ला आधी देतात. घरच्यांना समजावून सांगा, आणि ठरलेल्या तपासण्या मात्र चुकवू नका. मंदारच्या वडिलांचं वेगळं आहे. पीएसए १० च्या वर, ग्रेड ग्रुप ३, म्हणजे मध्यम जोखीम आणि त्यातही जरा वरच्या बाजूची. इलाज करायला हवा.

मी जनरल सर्जन होतो, युरोलॉजिस्ट नाही, तेव्हा माझं म्हणणं तेवढ्याच हिशोबाने घ्या. पण एक अभ्यास आहे तो प्रत्येक घराला माहीत असावा असं मला वाटतं. ब्रिटनमधला प्रोटेक्ट. १६४३ पुरुष, ५० ते ६९ वयाचे, चिठ्ठी टाकावी तसे तीन गटांत वाटले: एकात फक्त लक्ष, एकात ऑपरेशन, एकात रेडिएशन. १५ वर्षांचा निकाल २०२३ मध्ये आला. प्रोस्टेट कॅन्सरने गेले ते सगळे मिळून २.७ टक्के. ऑपरेशनच्या गटात २.२, रेडिएशनच्या २.९, लक्ष ठेवलेल्यांत ३.१, आणि हा फरक योगायोगापलीकडचा म्हणता येत नाही. शरीरात पसरण्याचं प्रमाण ऑपरेशनमध्ये ४.७ आणि रेडिएशनमध्ये ५.०, जवळजवळ सारखंच, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत मात्र ९.४. त्यातल्या बहुतेकांचा आजार तुमच्या वडिलांपेक्षा सौम्य होता, म्हणून टक्के जसेच्या तसे लावू नका. पण जीव वाचवण्यात दोन्ही इलाज जवळजवळ बरोबरीचे, हा मुद्दा पक्का धरून चाला.

म्हणजे निवड करायची ती त्रासांमधून. त्याचेही आकडे त्याच अभ्यासात आहेत. सहा महिन्यांनी पॅड लावणारे ऑपरेशनच्या गटात ४६ टक्के, रेडिएशनच्या ५ टक्के. सहा वर्षांनी १७ आणि ४. उलट शौचाचा त्रास रेडिएशनच्या बाजूला, बारा वर्षांनी नकळत थोडं शौच होण्याची तक्रार रेडिएशनमध्ये १२ टक्के आणि ऑपरेशनमध्ये ६. तेव्हाचं ऑपरेशन बहुतेक पोट उघडून होतं आणि रेडिएशनही आजच्याइतकं नेमकं नव्हतं. रोबोट आला म्हणून गळणं संपलं असं मात्र समजू नका. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला उघडं ऑपरेशन आणि रोबोट यांची समोरासमोर तुलना झाली, रक्तस्राव कमी आणि घरी लवकर, पण लघवीच्या ताब्यात आणि लैंगिक क्षमतेत फरक दिसला नाही. मशीनपेक्षा हात बघा. सर्जनला सरळ विचारा वर्षाला अशी किती करता, आणि तुमचे किती पेशंट वर्षभराने कोरडे असतात. जो चांगला असतो तो या प्रश्नावर रागावत नाही.

अनघा_ग्वाल्हेर
आमच्या ह्यांना रेडिएशन दिलं, ७२ वय होतं. मंदार, तुम्ही वाईटपण लिहा म्हणालात म्हणून लिहिते. इलाज चालू असताना फारसं काही नाही, लघवीला सारखं जावं लागायचं, जळजळ, थकवा, महिनाभरात गेलं सगळं. आम्ही म्हटलं सुटलो. दोन वर्षांनी एक दिवस संडासात ताजं लाल रक्त. मी तर गारठलेच, वाटलं परत आलं. गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, रेडिएशनने गुदाशयाची आतली त्वचा नाजूक झालीये म्हणाले, प्रॉक्टायटिस. दोनदा आरगॉनने जाळून बंद केलं, आता ठीक आहेत.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, पुढे कधीही कुठल्याही डॉक्टरने दुर्बीण घातली तर आधी सांगायचं की इथे रेडिएशन झालंय, समोरच्या भिंतीचा तुकडा तपासायला घेऊ नका, तिथली जखम नीट भरत नाही. आम्हाला रेडिएशनच्या डॉक्टरांनी हे फाईलवर लाल शाईने लिहून दिलं होतं म्हणून बरं.

कॅन्सर? सहा वर्षं झाली, पीएसए ०.३ वर स्थिर आहे. मधे एकदा ०.४ वरून ०.९ झाला होता तेव्हा घरात कोणी जेवलं नाही. डॉक्टर म्हणाले हा बाउन्स, रेडिएशननंतर असं होतं, थांबा. आणि खरंच परत उतरला. सर्वात खाली गेलेल्या आकड्यापेक्षा २ ने वर गेला तरच ते परत आलं म्हणतात.

मंदार_दांडियाबाजार
तुम्हा सगळ्यांचे फार आभार, डॉक्टरकाका तुमची पोस्ट प्रिंट काढून घरात सगळ्यांना वाचायला दिली. मला सगळ्यात जास्त अडलंय ते बॅकअपवर. युरोलॉजिस्टचं म्हणणं मला पटलं होतं की आधी ऑपरेशन केलं तर रेडिएशन राखीव राहतं, हाच मुद्दा सगळे सांगतात, तो खरा ना?

डॉ_निवृत्त_फतेहगंज
खरा, पण अर्धा. ऑपरेशननंतर पीएसए ०.२ च्या पुढे चढायला लागला तर त्या जागेला रेडिएशन देता येतं आणि त्यातून बरेच जण पुन्हा आटोक्यात येतात. आता तर ऑपरेशन झालं की सरसकट रेडिएशन द्यायचं नाही, पीएसएवर नजर ठेवून लागलं तरच द्यायचं हे २०२० च्या रॅडिकल्स अभ्यासाने दाखवलंय. रेडिएशननंतर ऑपरेशन करणं मात्र खरोखर कठीण, ऊती चिकटून गेलेल्या असतात, फार थोडे सर्जन करतात, गळण्याचं प्रमाण खूप वाढतं.

पण दुसरा अर्धा भाग असा की ज्याला दोन्ही घ्यावे लागले त्याच्या वाट्याला दोन्हींचे त्रास येतात, पॅडही आणि रक्तही. वडिलांच्या बाबतीत प्रश्न असा विचारा: ऑपरेशननंतर रेडिएशन लागण्याची शक्यता किती? ते एमआरआयमध्ये कॅन्सर कडेला किती चिकटलाय, बायोप्सीच्या किती तुकड्यांमध्ये निघाला, यावरून बराच अंदाज येतो. शक्यता कमी असेल तर ऑपरेशनचं पारडं जड. जास्त असेल तर राखीव म्हणून ठेवलेलं ते वापरायलाच लागणार, मग सुरुवातच एका इलाजाने का करू नये.

सुहासकाका_मांजलपूर
डॉक्टरसाहेब मुद्दा मान्य. तरी मी म्हणेन ६७ म्हणजे काही म्हातारपण नाही. पुढे वीस वर्षं जगायचंय त्यांना. रेडिएशनचे त्रास उशिरा येतात, अनघाताईंनी लिहिलंच. माझे त्रास पहिल्या वर्षात येऊन गेले.

रेवती_आरटी
सुहासकाका तुमच्या वयाला आणि तुमच्या धडधाकट हृदयाला ते बरोबर होतं. इथे स्टेंट आहे. पण मंदार, स्टेंट आहे म्हणून रेडिएशन सोपं असं मामा म्हणतात ना, तेही पूर्ण नाही. हॉर्मोनच्या इंजेक्शनने शुगर, कोलेस्टेरॉल वाढू शकतं, आणि ज्यांना आधीच हृदयाचा आजार आहे त्यांना जपावं लागतं. तेव्हा कार्डिओलॉजिस्टला दोन प्रश्न वेगळे विचारा. एक, भूल आणि ऑपरेशन झेपेल का आणि इकोस्प्रिनचं काय करायचं. दोन, सहा महिने हॉर्मोन झेपेल का, आणि कुठलं इंजेक्शन हृदयाला बरं.

लघवीचा अडथळापण महत्त्वाचा. फार अडथळा असताना रेडिएशन दिलं तर सुजेने लघवी अडू शकते, नळी घालायची वेळ येते. युरोफ्लो, म्हणजे धारेचा वेग मोजायची तपासणी, करा, लघवी करून झाल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीत बघा. मात्र हॉर्मोनने ग्रंथी आक्रसते, दोन-तीन महिन्यांत साधारण एक तृतीयांश कमी होते, त्यामुळे कधीकधी हा प्रश्न आपसूक सुटतो.

एक_पत्नी
मी इथे नाव बदलून लिहितेय. वरती सगळ्यांनी लघवीचं लिहिलं, शौचाचं लिहिलं, नवराबायकोचं कोणी लिहिलं नाही. माझ्या मिस्टरांचं ऑपरेशन झालं तेव्हा ते ६३ चे. आम्हाला 'नसा वाचवू' एवढंच सांगितलं होतं. नसा वाचवल्या तरी पहिलं वर्ष-दीड वर्ष काही होत नाही, काहींचं नंतर थोडं परत येतं, काहींचं येत नाही, गोळ्या लागतात. वीर्य तर येतच नाही, कायमचं. रेडिएशनमध्ये हे लगेच होत नाही, हळूहळू काही वर्षांत कमी होत जातं, पण सोबत हॉर्मोन असेल तर तेवढे महिने इच्छाच राहत नाही, घाम फुटतो, चिडचिड होते, छातीवर स्तनांसारखी सूज येते.

माझे मिस्टर वर्षभर माझ्याकडे पाठ करून झोपायचे. मला वाटायचं माझ्यावर राग आहे. त्यांना वाटायचं आपण संपलो. डॉक्टरांकडे दोघं एकत्र गेलो तेव्हा कुठे बोलणं झालं. मंदार, तू मुलगा आहेस, तू हे बाबांना विचारू शकणार नाहीस आणि विचारूही नकोस. पण आईबाबांना एकदा डॉक्टरांसमोर दोघांनाच बसू दे, तू बाहेर थांब.

मंदार_दांडियाबाजार
ताई, हे मला सुचलंच नसतं. नक्की करतो.

निवृत्त_रेल्वे_प्रतापनगर
पैशाचं आणि जागेचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वडील सत्तरच्या आत आहेत म्हणजे वयावर मिळणारं आयुष्मान कार्ड नाही, ते २०२४ पासून ७० आणि वरच्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्न न बघता. मेडिक्लेम असेल तर लेखी विचारा की रोबोटिकला वेगळी मर्यादा आहे का, पुष्कळ पॉलिसींत असते आणि बिल आल्यावर कळतं. रेडिएशनला भरती व्हावं लागत नाही तरी ते डे केअरमध्ये बसतं का आणि हॉर्मोनचं इंजेक्शन देतात का हेही.

बडोद्यात राहून फार लांब जायची गरज नाही. मूत्रविकारासाठी नडियादचं मूळजीभाई पटेल हॉस्पिटल तासाभरावर आहे, गोरजला मुनी सेवाआश्रमाचं कैलाश कॅन्सर हॉस्पिटल आहे, अहमदाबादला सिव्हिलच्या आवारात जीसीआरआय हे कॅन्सर हॉस्पिटल. टाटाचा सल्ला हवा असेल तर 'नव्या' नावाच्या ऑनलाईन सेवेमार्फत रिपोर्ट पाठवून मत घेता येतं, बाबांना गाडीत घालून परळला नेण्याची गरज नाही. रोज रेडिएशनला जायचं असेल तर घरापासूनचं अंतर बघा, चार आठवडे म्हणजे सोमवार ते शुक्रवार वीस खेपा, भरल्या मूत्राशयाने खड्ड्यांच्या रस्त्यावरून जायचं असतं.

मंदार_दांडियाबाजार
मंडळी, अपडेट देतो, उशीर झाला त्याबद्दल माफ करा, धावपळ चालू होती.

कार्डिओलॉजिस्टना भेटलो. इको चांगला आहे, ऑपरेशन करायचं तर करता येईल, इकोस्प्रिन शक्यतो बंद न करता. हॉर्मोनलाही हरकत नाही, फक्त सहा महिन्यांच्या वर नको, आणि दर दोन महिन्यांनी शुगर, लिपिड. म्हणजे हृदयाच्या बाजूने दोन्ही दारं उघडी. रेडिएशनच्या मॅडमनी तासभर दिला. एमआरआय स्वतः उघडून दाखवला, कॅन्सर एका बाजूला आवरणाला लांबवर टेकलाय, बाहेर आलेला दिसत नाही पण टेकलाय. डॉक्टरकाकांचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या ऑपरेशन केलं तर नंतर रेडिएशन लागण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे. मग युरोलॉजिस्टकडे परत गेलो आणि तोच प्रश्न विचारला, त्यांनीही प्रामाणिकपणे हो म्हटलं. युरोफ्लो केला, धार कमी आहे पण आत उरते ती ४० मिलीच, धार मोकळी करायची टॅमसुलोसिनची गोळी चालू केली त्याने रात्रीचं उठणं दोनवर आलं.

आईबाबा दोघं आत बसले, मी बाहेर. काय बोलले मला माहीत नाही. पण घरी आल्यावर बाबा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, मला एकच सांगा, दोन तास उभं राहून पूर्वरंग-उत्तररंग करायचा, नेसूचं धोतर, वरती उपरणं, पुढे ठाकुरजी आणि शंभर माणसं. त्या धोतरात पॅड लावून मी देवापुढे उभा राहणार नाही. सोवळ्यात मला ते चालणार नाही. मी सांगितलं की रेडिएशनमध्ये पुढे रक्त जाऊ शकतं, शौचाची घाई होऊ शकते, अनघाताईंचं सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले ते झालं तर घरी झालं, त्याला औषध आहे, आणि झालं तर बघू.

मग ठरलं. हॉर्मोन चालू, दोन महिन्यांनी रेडिएशन, २० वेळा. मामांना वाटतंय त्यांचं ऐकलं, असू दे.

सुहासकाका_मांजलपूर
मंदार, मी असतो तर अजूनही काढूनच टाकलं असतं. मला आत ते ठेवून झोप लागली नसती. पण तुझ्या बाबांना कशाने झोप लागते ते त्यांना माहीत. त्यांच्या निर्णयाला माझा नमस्कार सांग. आणि त्यांना माझा नंबर दे, संध्याकाळी कमाटीबागेत फिरायला येत असतील तर भेटू.

अनघा_ग्वाल्हेर
बरं झालं त्यांनी स्वतः सांगितलं. हॉर्मोनमध्ये ह्यांना रात्री एकदम घाम यायचा, पंख्याखाली उघडे बसायचे, पाच मिनिटांत जातं. आईला आधी सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाहीत. हाडांसाठी कॅल्शियम, व्हिटॅमिन डी विचारा. आणि चालणं सोडू देऊ नका, हॉर्मोनमध्ये स्नायू फार लवकर उतरतात.

मंदार_दांडियाबाजार
एक शेवटचं विचारतो, रेवतीताई, रेडिएशनच्या दिवसांत नातवंडांना जवळ घेता येतं का? माझी मुलगी त्यांच्याच खोलीत झोपते. आणि तयारी काय करायची?

रेवती_आरटी
खुशाल घेऊ दे. बाहेरून दिलेल्या रेडिएशनमध्ये मशीन बंद झालं की अंगात काही उरत नाही. प्रोस्टेटमध्ये किरण देणारे दाणे बसवतात त्या प्रकारात लहान मुलांपासून काही दिवस जपायला सांगतात, बाबांचं ते नाही.

तयारी म्हणजे दोनच गोष्टी, मूत्राशय भरलेलं आणि पोट साफ. मूत्राशय भरलं की आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतात, गुदाशय रिकामं असलं की प्रोस्टेट रोज त्याच जागी राहते. आधी लघवी करून मग ठरलेलं पाणी प्यायचं, साधारण अर्धा-लिटरच्या आसपास, आणि अर्धा-पाऊण तास थांबायचं. तुमच्या सेंटरवर किती पाणी आणि किती वेळ ते प्लॅनिंगच्या दिवशी सांगतील, तेच रोज तसंच करायचं. बाबांना धार आणि घाईचा त्रास आहे तेव्हा घरूनच आठवडाभर सराव करू दे, घड्याळ लावून. थांबवत नसेल तर प्लॅनिंगच्या आधीच टेक्नॉलॉजिस्टला सांगायचं, लाजून गप्प बसायचं नाही, कमी पाण्यावर प्लॅन करता येतो. प्लॅनिंगच्या आदल्या दिवसापासून राजमा, छोले, वाटाणे नको, म्हणजे सेव उसळ बंद हे बाबांना आधीच सांगा, बडोदेकरांना ते ऐकून सगळ्यात जास्त वाईट वाटतं. ताक, मूगडाळ, भात चालेल. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल डॉक्टरांना विचारून.

वेळ शक्यतो सकाळची मागा. दुपारी मशीनवर उशीर होतो आणि भरल्या पोटाने, भरल्या मूत्राशयाने बाकावर ताटकळणं फार जड जातं. आणि कीर्तनाची तारीख असेल त्या दिवसाचं आधी सांगून ठेवा, स्लॉट पुढेमागे करून देतात, मात्र मधे खाडा करायचा नाही.

मंदार_दांडियाबाजार
बाबांना वाचून दाखवलं. ते विचारतायत पाण्याऐवजी ताक चालेल का?

रेवती_आरटी
नाही, साधं पाणीच. ताक घरी आल्यावर.